पाणी खंय सोडतलात?

“साहेब, माती धुतलेला पाणी खंय सोडतलात?”

तुळसाने विचारलं. समोरच्या खुर्चीत साहेब होऊन संचिता बसली होती.

“बाई, आमच्या अहवालात सगळं लिहिलंय,” संचिता तुटकपणे म्हणाली.

तुळसा खाली बघायला लागली.

“इथे थांबायचं नाही,” संचिता पुन्हा आपल्या आवाजात आली. “तेच परत विचारायचं, पाणी कुठे सोडणार? जनसुनावणीत साहेब जे बोलेल ते इतिवृत्तात जातं. नंतर त्याला ते पुसता येत नाही.”

२००७ सालचा उन्हाळा होता. शिरोड्याजवळच्या खाडीकाठी ही वाडी. बाया ओहोटीला पाण्यात उतरून तिसऱ्या आणि कालवं असे शिंपले काढत, बाजारात नेऊन विकत. खाडीच्या वरच्या अंगाला एका कंपनीचा लोहखनिज धुण्याचा कारखाना येणार होता. त्याचं लाल पाणी खाडीत उतरलं, की तिसऱ्या संपल्या. अहवालात मात्र लिहिलं होतं, की पाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही. या बायांना त्यांचे हक्क समजावून द्यायला एका संस्थेने संचिताला कोल्हापूरहून पाठवलं होतं.

हा प्रश्न गोदूबाईने विचारावा, असं संचिताच्या मनात होतं. गोदूबाई बोलायला लागली, की अख्खा मासळीबाजार ऐकायचा. पण तीच तयार होईना.

“मी नाय. तुळसाच इचारतली.”

“त्या अडखळतात हो.”

“अडखळांदे. तिच्यासमोर तेका खोटा बोलूक जमूचा नाय.”

बाकीच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तुळसाची नजर शांत होती, समोरच्यावर ठरायची. गोदूबाई त्याबद्दलच बोलतेय, असं संचिताला वाटलं आणि पटलंही.

“तो थापा मारायला लागला, तर सरळ म्हणा, तुम्ही खोटं बोलताय,” तिने तुळसाला सांगितलं.

“तसा मी म्हणूचंय नाय,” तुळसा म्हणाली. “मी फकत इचारतलंय.”

सराव संपल्यावर ती मागे रेंगाळली. बाया लांब गेल्यावर तिने विचारलं, “पाणी खाडीत सोडतत, असा तेणी सांगल्यान, तर तेची नोकरी जायत?”

“जाऊ शकते,” संचिता म्हणाली. “पण आपण आपल्या खाडीची काळजी करायची. त्याची त्याने बघावी.”

तुळसाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही. त्यानंतर आली, आणि मग एकदाही अडखळली नाही.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव गच्च भरला होता. मंचावर जिल्ह्याचे अधिकारी बसले होते. त्यांच्या बाजूला कंपनीचा एक तरुण अधिकारी होता. प्रत्येक हरकतीला तो स्वच्छ, पुस्तकी मराठीत उत्तर देत होता. धूळ, रस्ता, झाडं, सगळ्यावर त्याच्याकडे उत्तर होतं. वाकून बोलायचा, कोणाला तोडायचा नाही. हा माणूस अवघड जाणार, हे संचिताच्या लक्षात आलं. बायांच्या बाजूला तो एकदाही पाहत नव्हता.

तुळसा उठली. माइक तिच्या हातात आला, तशी बायांची कुजबुज थांबली.

“साहेब, माती धुतलेला पाणी खंय सोडतलात?”

त्याने अहवालाचं पान उघडलं. “यात नमूद केल्याप्रमाणे, सर्व पाणी प्रक्रिया करून पुन्हा...”

वाक्य अर्धंच सोडून त्याने पान उलटलं.

“माका अहवाल वाचूक येना नाय,” तुळसा म्हणाली. “तुमी सांगा. पाणी खंय सोडतलात?”

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं. इतिवृत्त लिहिणारा कारकून पेन धरून थांबला होता.

त्याने अहवाल मिटला. पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

“खाडीतच जातला, आये.”