मॉनिटर काळाच
दिगंबर सामंतांनी पुन्हा बटण दाबलं. पंखा घरघरला, कॅबिनेटमधून बीप वाजू लागले, पण मॉनिटर काळाच राहिला. आठवडाभर हेच चाललं होतं. वायर बदलून झाली, सॉकेट बदलून झालं. इतकी वर्षं जपलेल्या त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचा मालवणी शब्दकोश अर्धा टाईप होऊन पडला होता.

"राहू दे हो आता," त्यांच्या पत्नी निर्मलाबाई म्हणाल्या. "केतकीने दिलेला लॅपटॉप आहे ना?"

शेवटी त्यांनी कॅबिनेट उघडलं. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून रबराने पुसावी म्हटलं, तर रॅमच नव्हती. दोन्ही खाचा रिकाम्या. त्यांनी घाबरून मुलीला फोन लावला.

"केतकी, अगं, घरात चोरी झाली!"

"बाबा, मागच्या रविवारी आले होते ना, तेव्हा मीच काढली. त्याशिवाय तुम्ही लॅपटॉप उघडलाच नसता."

"आणि ठेवलीस कुठे?"

"आईकडे."

निर्मलाबाईंनी मान खाली घालून शिवणाच्या डब्यातून रॅम काढून दिली. आठवडाभर ते टेबलाखाली वाकून वायरी हलवत होते, तेव्हा त्यांना टॉर्च धरून उजेड दाखवत होत्या त्या याच.

रॅम बसवताच पडदा उजळला. शब्दकोश जसाच्या तसा होता. दिगंबररावांनी सगळ्यात आधी कॉम्प्युटरला नवा पासवर्ड लावला.

"काय ठेवलात?" निर्मलाबाईंनी मागून हळूच विचारलं.

"ठेवलाय एक," ते न वळता म्हणाले.