पायाने बोलणारा बेडूक

"आता माझं काय काम उरलंय तिथे?" इरावती म्हणाली, तरी तिच्या नवऱ्याने, शिरीषने तिची सॅक गाडीत ठेवलीच. जन्मभर ती नुसत्या आवाजावरून बेडूक ओळखत आली होती. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. तेव्हापासून तिने जंगलात पाऊल टाकलं नव्हतं.

कर्नाटकातल्या घाटात एका ओढ्याकाठी तो तिला घेऊन गेला. पाणी धो धो कोसळत होतं. तिच्यासोबत काम केलेल्या नलिनीताई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या. "इथे कोणालाच काही ऐकू येत नाही," त्या तिच्या कानाशी ओरडल्या. "बेडकालासुद्धा नाही. म्हणून तो पाय हलवून बोलतो."

तिघंही ओल्या दगडांवर पालथी पडून पाहत राहिली. बऱ्याच वेळाने इरावतीने शिरीषचा दंड घट्ट धरला. शेवाळलेल्या खडकावर अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी बेडूक बसला होता. त्याने मागचा पाय सावकाश लांब केला, बोटांमधला पडदा पंख्यासारखा उघडला आणि मिटला. पलीकडच्या खडकावरून दुसऱ्याने तसंच उत्तर दिलं. मग तिला आणखी एक दिसला, त्याच्यामागे आणखी एक. ती बोट दाखवत गेली आणि नलिनीताई कॅमेरा वळवत गेल्या.

उन्हं कलल्यावर शिरीष तिच्या कानाशी वाकून ओरडला, "चल, निघू या. उशीर होतोय."

"मला ऐकू आलं नाही," खडकावरची नजर न काढता इरावती म्हणाली.

शिरीष हसत सुटला आणि पुन्हा तिच्या शेजारी पालथा पडला.