दोन पुरुष पाणी

"हलू नका," सासरे म्हणाले. "मासा आवाजाने पळत नाही, हलण्याने पळतो."

कोणी हललंच नव्हतं. सून मधल्या फळीवर अंग चोरून बसली होती. शेजारी नवरा. पुढच्या टोकाला गळ टाकून सासरे आणि मागच्या टोकाला मांडीवर आमिषाचा डबा धरून सासूबाई. लग्नाला चार वर्षं झाली, पण सुनेने एकही रविवार जमिनीवर काढला नव्हता. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणी चकार शब्द काढायचा नाही. गळ एकच, पण कुटुंब एकत्र हवं, म्हणून नावेत चौघं. पोहता एकालाही येत नव्हतं. ते म्हणतील तेव्हाच वल्ही पाण्यात पडायची.

सकाळीच सासूबाईंच्या भाच्याचा फोन आला होता. त्यांची थोरली बहीण दवाखान्यात होती आणि आता तिचं काही खरं नव्हतं. "मावशी, आई सारखं तुझंच नाव घेतेय," तो म्हणाला होता. तिच्या गावाला जाणारी बस साडेअकराला होती. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपी चढवली. "आधी तळं. मग बघू."

आता साडेदहा वाजत आले होते. ऊन डोक्यावर चढत होतं. हिरवट पाण्यात तळ दिसत नव्हता. टोपलीत बोटाएवढा एकच मासा पडला होता, तोही बहुधा चुकून आलेला.

"अहो," सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला काठाला सोडता का? बस चुकेल."

"आत्ता कुठे मासा लागायला लागलाय."

सुनेने नवऱ्याला पायाने डिवचलं. त्याने पाय बाजूला घेतला आणि तो पाण्याकडे बघत राहिला. तिच्या ओठांवर शब्द आले होते. तिने ते गिळले. चार वर्षांत ती कला तिला चांगली जमली होती.

पाच मिनिटं गेली.

"मला जायचंय," सासूबाई म्हणाल्या. या वेळी 'अहो' नव्हतं.

सासरे हसले. मागे वळूनही न बघता म्हणाले, "मग जा की! कोणी धरलंय तुला? खाली दोन पुरुष पाणी आहे."

सासूबाईंनी डबा खाली ठेवला. पर्स गळ्यात अडकवली. चपला काढून एका हातात घेतल्या. मग त्या वळल्या, दोन्ही पाय नावेबाहेर सोडले आणि अंग सोडून दिलं.

नाव गचकन एका बाजूला कलली. सून किंचाळली. सासऱ्यांच्या हातातला गळ पाण्यात गेला. सासूबाईंचं डोकं दिसेनासं झालं, मग वर आलं, मग खांदे वर आले. त्या उभ्या होत्या. पाणी छातीपर्यंत होतं.

त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि काठाच्या दिशेने चालू लागल्या.

"अगं ए! परत फिर!" सासरे ओरडले. "मासे पळाले सगळे!"

सून उठली. नवऱ्याने तिचा हात धरला. "तू कुठे निघालीस?"

"आईंबरोबर," ती म्हणाली आणि हात सोडवून तिनेही उडी घेतली.

गाळातून पाय उपसत दोघी काठाला लागल्या. मागे बापलेक दोन वल्ही दोन दिशांना मारत होते आणि नाव जागच्या जागी गिरक्या घेत होती. कपडे पिळता पिळता सुनेला हसू आवरेना.

"आई, कमाल केलीत! पाणी एवढंसंच आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

सासूबाई चपला घालायला वाकल्या होत्या. पट्टा तिसऱ्यांदा निसटला.

"मला कुठे माहीत होतं गं?" त्या म्हणाल्या.