हाडांची पारख

अमेरिकेत आल्यावर चौथ्याच दिवशी लेकानं यशोदाबाईंना हाडांच्या तपासणीला नेलं. लुगडं फेडून पाठीकडून उघडा कागदी झगा घालायला लावला, तेव्हा त्यांना शिसारीच आली. पण लेकाला आपली काळजी, म्हणून यंत्राखाली मुकाट पडून राहिल्या. रिपोर्ट हातात पडताच लेकानं दवाखान्यातूनच गरोदर बायकोला फोन लावला. "आईची हाडं पक्की निघाली. आता आया शोधायला नको. बाळाला घेऊन दिवसभर सहज वावरेल. परतीचं तिकीट पुढे ढकलू." यशोदाबाईंना धुळ्याचा बैलबाजार आठवला. घरधनी सौदा ठरवण्याआधी बैलाच्या पाठकण्यावरून हात फिरवायचे, पुठ्ठे दाबायचे, मग जबडा फाकवून आत बघायचे. फोन ठेवून लेक हसत वळला. "आई, सगळं छान आहे!"  यशोदाबाईंनी त्याच्यासमोर जबडा वासला. "आते दात बी मोजी ले, भाऊ."