शेपटी

आमच्या बॅलरॅटच्या शाळेत पुस्तक सप्ताहात पोरं लाडक्या पुस्तकातलं पात्र बनून मिरवतात. यंदा मी पर्लला ड्रॅगन केलं. हिरव्या खवल्यांची शेपटी शिवता शिवता बोटांची चाळण झाली. पर्ल रोज पुस्तक घेऊन यायची, “आई, आज वाचूया ना?”

“थांब गं, एवढी शेपटी होऊ दे.”

मग ती पुस्तक घेऊन आपल्या खोलीत जायची.

मिरवणुकीत सगळ्यांचे डोळे त्या शेपटीवर. शॅनन म्हणाली, “मी पोराला चादर गुंडाळून आणलंय आणि तू हे! सुचतं कुठून गं तुला?”

“अगं, मी पुन्हा वाचायला लागलेय ना! ही ड्रॅगनच्या कादंबऱ्यांची मालिका म्हणजे तर आमचा जीव की प्राण. रोज झोपताना दोघी वाचतो.”

तेवढ्यात मिस डोनोवननी पर्लसमोर माइक धरला. “काय सुंदर शेपटी! गोष्टीत काय करतो गं हा ड्रॅगन?”

पर्लनं माझ्याकडे चोरून पाहिलं आणि मिसच्या कानाशी जाऊन कुजबुजली. माइक चालूच होता.



“मिस, पहिल्याच पानावर त्याची शेपटी तुटते. पण आईला सांगू नका हं, तिनं खूप कष्टानं शिवलीय.”