फरक स्पष्ट करा

मृदुलाबाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. एक भिंतीवरच्या तैलचित्राचा, दुसरा पुस्तकात धड्यावर छापलेल्या फोटोचा. दोन्हींत त्या धड्याची लेखिका एकच, बाईंची दिवंगत आई. पण वर्गाला ते ठाऊक नव्हतं.

“चित्रात त्या गोऱ्या आहेत, फोटोत सावळ्या!” पोरी भराभरा सांगू लागल्या. “चित्रात हसतायत, फोटोत नाही!”

बाई लिहीत गेल्या. ते चित्र आई गेल्यावर वडिलांनी काढवून घेतलं होतं, चित्रकाराच्या शेजारी बसून, एकेक सूचना देत. आजही तेच शाळेचे अध्यक्ष होते.

“बाई, फोटोत कपाळावर केवढा व्रण आहे! चित्रात नाहीच,” हर्षाली म्हणाली. “कशाचा हो?”

खडू थांबला. आईची पहिली कथा छापून आली, त्या दिवशी वडिलांनी तिला फेकून मारलेला पितळी तांब्या सहा वर्षांच्या मृदुलेनंच पलंगाखालून काढून जागेवर ठेवला होता.

“न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या त्या,” बाई म्हणाल्या. “लिहून घ्या.”

पोरींनी निमूटपणे लिहून घेतलं. बाईंनीही फोटोच्या रकान्यात ‘व्रण – पाय घसरून पडल्यामुळे’ असं लिहिलं आणि फळ्याकडे पाहिलं. दोन्ही रकान्यांत आता काहीच फरक उरला नव्हता.