यादीतले एक नाव

आर्णीच्या कार्यालयातील अकरा कर्मचाऱ्यांचे पासवर्ड दुरुपयोगासाठी चोरले गेले, असे चौकशी अहवालाने ठणकावून सांगितले होते. तेवढ्यावर ऑपरेटर डोंगरसिंग राठोड यांची नोकरी जाणार होती.

दुरुपयोग मात्र कुठेच झाला नव्हता. कोणाचे खाते उघडले नव्हते, एक अक्षर बाहेर गेले नव्हते. कार्यालयाच्या संगणकांत सापडलेला, दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा छुपा प्रोग्राम तपासायला यवतमाळहून आलेल्या निकिताने त्या प्रोग्रामने जमवलेली पासवर्डची यादी उघडली. अहवालकर्त्या विद्वानांना तेवढी सवड मिळाली नसावी.

अकराही नावांपुढे एकच शब्द होता : झुमकी.

"झुमकी? माह्यावाला पासवर्ड तं बैलाचं नाव हाय, म्याडम," त्या अकरांपैकी एक, रामराव, हसले. "दुसरं कायले टाकू?"

"टाकून दाखवा."

त्यांनी टाकला. पडद्यावर नुसते ठिपके उमटले आणि संगणक उघडला. यादीत एक ओळ वाढली : झुमकी.

रामरावांचे हसू मावळले.

डोंगरसिंगांनी खाली मान घालून जबाब दिला. निकिताने तो शब्दशः उतरवून घेतला :

"प्रोग्राम म्याच टाकला. झुमकी माही पोरगी. तिले जाऊन दोन वर्षं झाले. घरी तिचं नाव काढलं का तिची माय जेवत नाही. एक दिवस रामरावच्या बोटातून ते नाव निघताना पाह्यलं, म्हणून टाकला. मले फक्त पाहाचं होतं, तिले अजून कोण कोण लिहिते. म्या कोणालेच सांगितलं नोतं, म्याडम. आज सकाळी तुमचा पासवर्ड टाकताना तुमीबी तेच लिहिलं."